बोगद्यापलीकडचा रस्ता

महाबळेश्वर की हिमाचल, हे ठरवायला विश्वजीतच्या सांगलीतल्या विश्रामबागेतल्या घरी रविवारी सकाळी दहाला सगळे बसले आणि बारा वाजले तरी फक्त शिवांजलीच्या टोपीचा रंग ठरला होता. लाल. तोसुद्धा तिनं एकटीनं ठरवला होता, कुणाला विचारलं नव्हतं, म्हणून ठरला.

खरं तर काम अर्ध्या तासाचं. विश्वजीत मॅनेजर असलेल्या शीतगृहात मेच्या मध्यापर्यंत हळदीची आवक उतरते. अंकिताच्या शाळेला तेव्हा सुट्टी. कडेगावच्या मळ्यातून म्हातारा-म्हातारी, सयाजीराव आणि चंद्राबाई, आठ दिवसांसाठी आली होती, सयाजीरावांचा रक्तदाब दाखवायला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, जिने चढायला हरकत नाही म्हणाले. विश्वजीतला वाटलं, हीच वेळ आहे. आईवडिलांना आपण आजवर तुळजापूरच्या पलीकडं कुठं नेलं नाही, आणि पोरांना आजी-आजोबांबरोबर चार दिवस मिळतील ते हेच. त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला बेत लिहून काढला आणि दिवाणावर सगळ्यांच्या मध्ये ठेवला. तिथंच घोडं अडलं.

"आबा, मनाली काय लय उंच न्हाई," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "साडेसहा हजार फूट."

"मी मनालीचं म्हणत न्हाई." सयाजीराव भिंतीला पाठ न टेकवता बसले होते. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तीस वर्षं झाली होती, पण बसणं अजून परेडवरचंच होतं. "तुज्या कागदावर मनालीच्या पुढं काय लिवलंय, त्ये वाच."

विश्वजीतनं वाचलं नाही. मनालीच्या पुढं सिस्सू आणि केलाँग अशी दोन नावं लिहिली होती, आणि ती त्यानं आपल्या मनानं लिहिली नव्हती. काल संध्याकाळी आईनं सांगून लिहून घेतली होती.

"केलाँग धा हजार फूट," सयाजीरावच म्हणाले. "हवा विरळ. बारकीची छाती भरती. मी गोळ्यांवर. तुज्या आईला दोन जिनं चढताना तीनदा बसावं लागतं. आसली पल्टन घिऊन डोंगर चढतं का कोण रं?"

"मामांचं बरोबर आहे," अंकिता म्हणाली.

विश्वजीतनं चमकून बायकोकडं पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. पोरांच्या शाळेपासून फ्रिजच्या कंपनीपर्यंत तिचं आणि आबांचं एकाही गोष्टीत जमलेलं नव्हतं. पण अंकिताला गेल्या डिसेंबरातल्या तीन रात्री आठवत होत्या. वाफेचं यंत्र मांडीवर घेऊन ती शिवांजलीच्या बरगड्या वरखाली होताना बघत बसली होती. त्या बरगड्यांपुढं तिला सासऱ्यांशी असलेलं जुनं भांडण क्षुल्लक वाटलं.

"मनालीपर्यंत ठीक आहे," ती म्हणाली. "पुढं मी पोरीला नेणार नाही. तुम्ही काहीही म्हणा."

"मनाली तरी कशाला?" हे पल्लवीचं. विश्वजीतची थोरली बहीण आष्ट्याहून सकाळच्या एसटीनं फक्त या चर्चेसाठी आली होती. सहलीला ती येणार नव्हती, त्यामुळं तिची मतं एकदम ठाम होती. "म्हाबळेश्वर हाय की हाकेवर. स्ट्रॉबेरी खावा, पोरास्नी घोड्यावर बसवा, पॉइंट बगा आन् या घरला."

"महाबळेश्वरला बर्फ नसतो, आत्या," शिवतेज म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि बर्फाचा मुद्दा त्यानं सकाळपासून लावून धरला होता.

"आसतोय की. तळ्याकाठी गोळंवाला उभा ऱ्हातोय. लाल, पिवळा, म्हणशील तसला."

शिवांजली हसली. सयाजीरावही किंचित हसले, आणि बेत आता आपल्या बाजूला झुकला या खात्रीनं त्यांनी कागदाकडं हात केला. केलाँगवर काट मारायला पेन उचललं.

"मी केलाँगला जाणार," चंद्राबाई म्हणाल्या.

त्या खाली फरशीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. आवाज मोठा नव्हता. मान वर केली नाही, हातातली शेंग थांबली नाही.

"पोरास्नी मनालीत ठिवा. अंकिता ऱ्हाईल त्यांच्यापशी. माज्यासंगं कुणीतरी एक जण या. न्हाई आलं कोण, तर मी गाडीवाल्यासंगं जाईन. पर मी जाणार."

सयाजीरावांनी पेन खाली ठेवलं. केलाँग हे नाव या घरात कालपर्यंत वीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. आज सकाळपासून ते कागदावर होतं तरी सगळे त्याच्या आजूबाजूनंच बोलत होते, उंची आणि हवा आणि छाती. केलाँगच्या पुढं सात-आठ मैलांवर हंबीरराव गेला होता. सयाजीराव-चंद्राबाईंचा थोरला, चोवीस वर्षांचा, फौजेत लागून पाच वर्षं झालेला. सांगलीत महापूर आला होता त्या साली, गणपती बसायला चार दिवस राहिले असताना त्याची लॉरी दरीत गेली. तार नव्हे, फोन आला, तोही सरपंचांच्या घरी. सयाजीराव एकटे गेले आणि बाराव्या दिवशी एक तांब्याचा कलश घेऊन परत आले. बर्फ पडून मनालीकडं यायचा घाट बंद झाला, म्हणाले. घाटातून खाली आणायला मार्ग राहिला नाही, तिथंच अग्नी द्यावा लागला. गावानं ते ऐकलं आणि मान डोलावली. उसाच्या मुलखातल्या माणसांना बर्फाचं काय ठाऊक असणार?

चंद्राबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"त्या घाटाला मी लय शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "देवाला कवा बोल लावला न्हाई, फौजेला लावला न्हाई. घाटाला लावला. दोन दिस उघडा ऱ्हायला आसता तर माजं लेकरू घरला आलं आसतं. तोंड बघितलं आसतं मी. मग टीव्हीवर दावलं, डोंगराच्या पोटातनं बोगदा काढलाय, आता थंडीत बी रस्ता बंद पडत न्हाई. तवापास्नं माज्या मनात हाय. म्हणलं, बरं झालं. आता दुसऱ्या कुणाच्या आईचं आडायचं न्हाई. मला त्यो बोगदा बघायचाय. आन् पलीकडं जाऊन पाणी घालायचंय."

"कसलं पाणी, आत्ती?" अंकितानं विचारलं.

चंद्राबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि आपल्या पिशवीतून एक बाटली घेऊन आल्या. शिवतेजची बालवाडीतली स्टीलची बाटली, वरच्या हत्तीचा रंग उडालेला. ती मळ्यावर कशी पोचली कुणास ठाऊक.

"हिरीचं हाय. मळ्यातल्या. सुट्टीवर आला की पयल्यांदा हिरीवर जायाचा, बादली वडायचा आन् तोंड लावून प्यायचा. म्हणायचा, आई, डोंगरातलं पाणी लय गार, पर त्येला चव न्हाई. जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं आसतं. माजं ऱ्हायलं. तोंड न्हाई तर न्हाई, त्या मातीत तरी घालीन."

अंकिता शिक्षिका होती, तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायची सवय होती. तिनं जे सुचलं ते सांगितलं.

"हातातल्या पिशवीतून विमानात पाणी नेऊ देत नाहीत, आत्ती. मोठ्या बॅगेत टाकलं तर चालतं. मी टॉवेलात गुंडाळून नीट ठेवते. सांडणार नाही."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बाजू बदलली. विश्वजीतच्याही लक्षात आलं. आबांच्या बाजूला आता पल्लवी एकटी उरली होती, आणि तीही ओढणीनं डोळे पुसत होती.

सयाजीराव उठले. "न्हाई जायचं म्हंजे न्हाई जायचं," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

खाली रस्त्यावर रविवारची रिक्षांची गडबड चालू होती. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना दुसराच रस्ता दिसत होता. कोरडा, पांढऱ्या मातीचा, ऊन पडलेला. वीस वर्षांत तो रस्ता त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. उसाला पाणी सोडताना, मुलीच्या लग्नात, नातवाच्या बारशात, तो रस्ता त्यांच्याबरोबर होता, आणि एक दिवस आपण तो घेऊनच जाऊ अशी त्यांची समजूत होती. बायको स्वतः तिथं जाईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ती कडेगावच्या बाजाराला जायचं तरी दोनदा विचारायची. आणि आता ती त्या बोगद्यातून पलीकडं जाणार, तिथल्या कुणा चहावाल्याला विचारणार, गणपतीच्या दिवसांत इथं किती बर्फ पडतो हो?

आत विश्वजीत फोन लावत होता.

"बिराप्पाला इचारतो, आई. मनालीतनं एका दिसात जाऊन यायला येतंय का बघू. मग पोरास्नी ठेवायचं कसं, ते ठरवू."

बिराप्पा मूळचा जतकडचा. पंचवीस वर्षं सांगलीतून लोकांना घेऊन हिमाचल, काश्मीर, चारधाम करत आला होता. चंद्राबाईंनाही ऐकायचं होतं म्हणून विश्वजीतनं फोनचा आवाज मोठा केला.

"येतंय की, न यायला काय झालं?" बिराप्पाचा आवाज खोलीभर झाला. "सकाळी सातला मनाली सोडायची. बोगदा लागला की पंधरा मिनिटांत पलीकडं. सिस्सूला नाष्टा. केलाँगला धा-साडेधाला पोचतोय. तितनं पुढं तुमाला कुटं जायाचं त्ये जावा, दिवस मावळायच्या आत माघारी. लहान पोरं सिस्सूपर्यंत आली तर काय बिगडत न्हाई, बरफ दिसंल त्यास्नी."

शिवतेजनं मूठ हवेत मारली.

"बिराप्पा, मी विश्वजीतची आई बोलती," चंद्राबाई फोनपाशी वाकल्या. "एक इचारू का रं, बाळा?"

"बोला की, आज्जी."

गॅलरीच्या दारात सयाजीराव येऊन उभे राहिले होते. "विश्वजीत, फोन ठेव," ते म्हणाले.

"आबा, थांबा जरा, आई काहीतरी–"

"फोन ठेव म्हणतोय मी!"

चंद्राबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी हा आवाज फार वेळा ऐकला नव्हता. त्या परत फोनकडं वळल्या.

"आता बोगदा झाला म्हणून रस्ता बंद पडत न्हाई, त्ये खरं. पर त्याच्या आदी, तुमी त्या घाटातनं पार्ट्या नेत हुता तवा, गणपतीच्या टायमाला बरफानं बंदच आसायचा न्हवं त्यो?"

"गणपतीत?" बिराप्पा हसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "न्हाई वो आज्जी. गणपतीत घाट उघडाच. बंद व्हायचा दिवाळी झाल्यावर. मी पंचवीस वर्सं जातोय, गणपतीत बरफानं बंद पडल्याला बघितला न्हाई कवा. एकांदी दरड आली तर आर्दा दिस थांबायचं, फौजेची माणसं लगी मोकळा करत्यात. बिनघोर या तुमी."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या. "बरं हुतं इचारल्यालं."

विश्वजीतनं फोन बंद केला. अंकितानं पोरांच्या हातात एक चेंडू दिला आणि खाली खेळा म्हणून सांगितलं. शिवतेज काहीतरी विचारणार होता. आईचा चेहरा बघून बहिणीचा हात धरून निघाला. दार लागलं, पण पावलं जिन्यातच थांबली.

चंद्राबाईंनी पदर सारखा केला. त्यांचा चेहरा शांत होता आणि त्या शांतपणाची पल्लवीला भीती वाटली. कलश घरात आला त्या दिवशीसुद्धा आई अशीच बसली होती, आणि नंतर महिनाभर तिनं चूल पेटवली नव्हती.

"रस्ता उघडा हुता?"

सयाजीराव दारातच उभे होते. "व्हय," ते म्हणाले.

"दरड आलती?"

"न्हाई."

"गाडी न्हवती?"

"हुती." त्यांनी चौकट धरली. "गाडी हुबी हुती. इंजान चालू हुतं. तितला सायब पोरगाच हुता, आपल्या हंबीरएवडा. म्हणाला, साब, घर ले जाएंगे? चंदीगडपासून इमान तयार हाय, म्हणाला. मी न्हाई म्हणलो. म्हणलं हितंच अग्नी द्या. त्येनं कागद म्होरं केला. मी सही केली."

"आबा!" पल्लवी एकदम म्हणाली.

विश्वजीतला स्वतःचे हात दिसत होते. सतरा वर्षांचे. हरिपूरच्या संगमावर तो कलश त्याच्या हातात दिला होता, पूर नुकताच उतरलेला, काठावर गाळ, आणि आबा शेजारी उभे राहून सांगत होते, घट्ट धर, सोडू नगंस. वीस वर्षं त्याला वाटत आलं की आबांनी आपल्याला त्या दिवशी मोठं केलं, आपल्यावर भरवसा टाकला. आता कळलं की आबांनी फक्त कलश दिला होता.

"मला तरी सांगायचं," तो म्हणाला. "तवा न्हाई, नंतर कवातरी. मी काय बारका ऱ्हायलो व्हय?"

"कुणाला सांगणार? तुला सांगितलं म्हंजे हिला सांगितलं."

"का केलं?" चंद्राबाईंनी विचारलं. त्यांना पोरांच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

सयाजीराव आत आले आणि दिवाणावर नाही, खाली फरशीवर, शेंगांच्या ताटापलीकडं बसले. या वयात त्यांना खाली बसायला वेळ लागला. कुणी हात दिला नाही.

"मी नोकरीत हुतो तवा आकारामाची पेटी आणलीवती, ठावं हाय न्हवं तुला? आपल्या शेजारच्या गावचा. माजीच ड्युटी लागलीवती. वरनं हुकूम हुता, पेटी उघडायची न्हाई. त्याच्या आईनं पेटीवर डोस्कं आपटून आपटून उघडाय लावली. सगळं गाव म्हणाय लागलं, तोंड दावा, आईला तोंड दावा. मी उघडली. माज्या हातानं. त्या बाईचं वरडणं आजून माज्या कानात हाय. सा म्हयनं बोलली न्हाई ती. मग आपल्या हंबीरला नदीतनं काडला, चौथ्या दिशी. मी चादर बाजूला केली आन् बघितलं." ते थांबले. "मला म्हाईत हुतं, पेटी दारात आली की तू उघडाय लावणार. गाव उघडाय लावणार. आन् मी न्हाई म्हणू शकणार न्हाई. म्हणून तितंच... तुला त्याचं सुट्टीवरनं जातानाचं तोंड आठवावं, एवडंच माज्या मनात हुतं. हंबीरची आई, दुसरं काय बी न्हवतं."

वीस वर्षांपूर्वीपर्यंत ते तिला याच नावानं हाक मारायचे. त्यानंतर 'विश्वाची आई' म्हणू लागले. बदल कधी झाला ते घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, चंद्राबाईंच्या सोडून.

"आबांनी तुज्यासाटीच केलं, आई," पल्लवी हळू आवाजात म्हणाली. सकाळपासून ती वडिलांच्या बाजूला होती आणि तिथून हलायला तिचं मन तयार नव्हतं.

"माज्यासाटी केलं," चंद्राबाई म्हणाल्या. "पर मला इचारलं न्हाई."

"आकारामाची आई परवा मला दवाखान्यात भेटली," चंद्राबाई सांगू लागल्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. "पंच्याऐंशीच्या पुढं गेली आसंल. ल्योकाचं नाव काडून रडली. मग डोळं पुसलं आन् मला इचारलं, चंद्रा, तुजं गुडघं कसं हायत गं? नीट हाय ती बाई. तिला ठावं हाय, आपला ल्योक गेला. बघितलाय तिनं. मला आजून ठावं न्हाई." त्यांनी छातीवर हात ठेवला. "डोस्क्याला कळतंय. हितं न्हाई कळत. दुपारच्याला मळ्यात कुत्रं भुकलं की मी उंबऱ्यात जाती. वीस वर्सं जाती. तुमी म्हणता, कशाला उटतीस, वारं आसंल. तुमास्नी ठावं हुतं मी कशाला उटती. तरी म्हणत हुता, वारं आसंल."

सयाजीरावांना रडू आवरेना. त्यांनी खालचा ओठ दातात धरला, पण उपयोग झाला नाही. नातवंडांनी, सुनेनं, लेकीनं, मुलानं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हातारा माणूस मोठ्यानं रडतो तेव्हा घरातल्या इतरांना कुठं बघावं ते कळत नाही. अंकिता स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा तांब्या भरून आली, तो तिनं दोघांच्या मध्ये ठेवला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "लय चुकलं."

चंद्राबाईंनी तांब्याला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी तो नवऱ्याकडं सरकवला. ते प्यायले, मग मिशा पुसल्या आणि त्यांना वाटलं, आता सांगायलाच हवं, आता लपवून काय राहिलं.

"त्याचा डावा कान तेवडा..." त्यांनी सुरुवात केली.

चंद्राबाईंचा हात एकदम वर झाला.

"हितं न्हाई."

"मग?"

"तितं. जितं सही केली तितं हुबं ऱ्हाऊन मला सांगायचं. चादर बाजूला केल्यावर काय बघितलं त्ये सगळं. काय बी गाळायचं न्हाई. मी ऐकणार, मग पाणी घालणार."

"तुला सोसायचं न्हाई."

"सोसायचं का न्हाई ते ह्या वक्ताला मला ठरवू द्या."

रक्तदाब, उंची, विरळ हवा, सकाळपासून सयाजीरावांनी मांडलेले सगळे मुद्दे खोटे नव्हते, पण त्यांतला एकही त्यांनी आता काढला नाही. "मी येतो," ते म्हणाले.

"यायचंच हाय. तुमच्याबिगर कोण दावणार मला?"

विश्वजीतनं कॅलेंडरचा कागद उचलला. त्याला वडिलांचा राग आला होता, आणि तो आज-उद्या जाणार नव्हता, हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं कागद गुडघ्यावर सरळ केला आणि सिस्सूपाशी 'अंकिता, पोरं' असं लिहिलं, केलाँगपाशी 'आई, आबा, मी'. पल्लवी वाकून बघत होती.

"माजं बी घाल," ती म्हणाली.

"तू कशी येशील? तुज्या घरी–"

"घरी सांगते मी. घाल म्हणतेय न्हवं."

अंकितानं डॉक्टरांचा नंबर काढला. शिवांजलीला सिस्सूपर्यंत नेता येईल का, आबांना दहा हजार फुटांवर जाता येईल का, गोळी कधी घ्यायची, बरोबर काय ठेवायचं, हे उद्या सकाळी पहिल्यांदा विचारायचं आणि ते नको म्हणाले तर काय करायचं, असं ती विश्वजीतला हळू आवाजात विचारत होती. चंद्राबाईंनी ऐकलं.

"नगं म्हणलं तर थंडी सरूस्तवर थांबू," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली जाऊ. वीस वर्सं थांबली, आजून एक थांबती. पर त्येंच्याबिगर जायाची न्हाई."

मग त्यांनी हत्तीची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि त्यातलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला ओतलं. रिकामी बाटली त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली.

"हे शिळं झालं. जायच्या दिशी तुमी हिरीवर जायाचं. बादली तुमी वडायची. तुमच्या हातनं भरायची."

सयाजीरावांनी बाटली घेतली. झाकण आट्यावर नीट बसवलं आणि घट्ट फिरवलं.

तेवढ्यात विश्वजीतचा फोन वाजला. बिराप्पाच होता. चंदीगडपासून गाडी आत्ताच धरून ठेवावी लागेल, मेमध्ये गर्दी असते, किती माणसं धरू म्हणून विचारत होता. दार उघडून पोरं आत घुसली. जिन्यात त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही, देव जाणे. शिवांजली आजोबांच्या ओल्या मिशांकडं एकटक बघत राहिली. शिवतेजला मात्र फोनवरचं गाडी एवढंच ऐकू आलं होतं.

"खिडकी माझी!"

"माझी! मी लहान आहे!"

"सात जण," विश्वजीत फोनवर म्हणाला. "पाच मोठे, दोन लहान."

"आजी-आजोबास्नी मदली दोघांची सीट देतो, धक्कं कमी बसत्यात," बिराप्पा म्हणाला. "तितं एकच खिडकी हाय पर. आज्जीला देऊ?"

चंद्राबाईंनी हात पुढं केला आणि फोन मागून घेतला. शिवांजली त्यांच्या मांडीवर येऊन बसली होती, तिच्या केसांवरून त्यांचा दुसरा हात फिरत होता.

"मला नगं खिडकी," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी द्या. रस्ता त्येंनी बघितलाय. मी शेजारी बसती, त्ये दावतील मला."